म्हशीच्या जोडीला जुतून धरणापार

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "काय व आजी, जहाजात बसून आली म्हणते?" कामरगावच्या बाजारात वांगी मोजता मोजता भाजीवालीनं विचारलं, दवाखान्यात सुई टोचता टोचता नर्सबाईनं विचारलं. सांगून सांगून माझा जबडा दुखायला लागला. म्हणून लिहूनच काढते. ज्यांनी पाणी फक्त माठात आणि मोटारीच्या पाइपात पाहिलं आहे, त्यांच्यासाठी.

आमचा वाशीम जिल्हा आणि समुद्र यांचा संबंध म्हणजे बाजारात येणारी सुकट. तेवढाच. पण आमच्या गावाच्या खालच्या अंगाला धरण आहे, आणि धरणाच्या पलीकडे माझी लेक सुनंदा. तिच्या घराचे पत्रे आमच्या काठावरून चमकताना दिसतात. जायचं म्हटलं तर मात्र एक जीप कामरगावपर्यंत, तिथून दुसरी जीप, मग फाट्यावर उभं राहून कोणाच्या तरी मोटरसायकलची वाट पाहायची. सकाळी दिसलेल्या पत्र्याखाली संध्याकाळी पोचायचं.

तर या धरणावर बोट सुरू झाली. डोंगा नव्हे. माणसं, मोटरसायकली, जीप, ट्रॅक्टर, सगळं पोटात घेऊन जाणारी पांढरी-निळी बोट. तिला दोन तोंडं. दोन्हीकडून लोखंडी पूल खाली पडतो, त्यावरून गाड्या चढतात-उतरतात. वरच्या मजल्यावर काचेची थंडगार खोली.

मी ठरवलं, पहिल्याच फेरीला जायचं. बिजलीला घेऊन.

बिजली म्हणजे माझी म्हैस. नाव ठेवलं तेव्हा ती वगार होती, म्हणजे म्हशीची पोर, आणि पळत असे. आता ती चालते तेव्हा आपणच पळतोय असं वाटतं. सुनंदाचा नवरा पुण्याला कंपनीत. तिनं पलीकडच्या धक्क्यावर चहाचं दुकान टाकलं आणि नेमकी तिची म्हैस आटली. मी म्हटलं, बिजली घे. पण बिजलीची एक खोड. माझ्याशिवाय कोणाच्याच हाताला ती दूध देत नाही. माझा पोरगा राजू एकदा बसला होता तिच्याखाली. तो आणि बादली वेगवेगळ्या दिशांना सापडले.

म्हणजे बिजली गेली की मला जावंच लागणार. खरं सांगते, मला तेच हवं होतं. राजूच्या घरी मला काही कमी नाही. पण झाडू हातात घेतला की सून म्हणते, "आई, तुमी बसा." भाकरीचं पीठ घेतलं की नात म्हणते, "आजी, तू बस." बसून बसून माझा आकार खुर्चीसारखा झाला. सुनंदाकडे काम होतं, दुकान होतं, येणारे-जाणारे होते. पण लेकीच्या घरी चार दिवसांवर पाचवा झाला की बायाच विचारतात, "काहून व, पोरानं काढलं का घरातून?" म्हशीसाठी राहिलेल्या बाईला मात्र कोणी काही म्हणत नाही. म्हशीसाठी माणूस कुठंही राहू शकतो, कितीही.

राजूला हे कळत होतं. "दोन दिवस," तो म्हणाला. "सुनंदीच्या हाताले म्हैस लागली का लगेच वापस. मले करमत नाई तुह्याबिगर."

"मंग तूच शिकव म्हशीले," मी म्हटलं.

बिजलीची वगार आदल्या दिवशी पिकअपमधून रस्त्यानं पुढे गेली. बिजली पिकअपमध्ये चढली नाही. सहा जणांनी ढकललं. तिनं फक्त शेण टाकलं.

आमचा काठ

धक्क्यावर मांडव होता, बँड होता आणि प्रमुख पाहुणे होते. पाहुण्यांनी बोटीच्या तोंडावर नारळ फोडला, झेंडी दाखवली, आणि मग गाडीत बसून रस्त्यानं निघून गेले. पलीकडच्या काठावर आमचं स्वागत करायला. बोटीत कोण बसणार? स्वागताला आधी पोचायला नको?

तिकीटवाल्या बाबूजवळ बटणांचं यंत्र होतं. त्यानं बिजलीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, परत बिजलीकडे.

"आजी, ही प्रवासीबी नाई अन् वाहनबी नाई."

"मंग काय हाय?"

"तेच तं. बटणच नाई."

"बैलबंडीचं हाय का?"

"हाय. पण जुवाले जुतलेलं जनावर बंडीत धरल्या जाते. मांगं बांधलेलं नाई चालत."

राजूनं बिजलीचा कडबा आणायला आमची लहान बंडी आणली होती. मी बैल सोडायला लावले. बिजलीला जुवाच्या एका बाजूला उभं केलं. जन्मात तिनं जू पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी समोर कडबा असल्यामुळे तिचं काही म्हणणं नव्हतं.

"दुसऱ्या बाजूले कोण?" बाबूनं विचारलं.

"दुसऱ्या बाजूले मी," म्हटलं, आणि जू खांद्याशी धरलं.

राजूनं कपाळाला हात लावला. "आई, लोक पाहून राह्यले व!"

"पाहू दे ना. तुह्या बापानं मले बंडीत बसवून आणलं होतं. आता मी बंडी घेऊन चालली. हिशेब फिटला."

त्या बंडीची गंमत सांगते. लग्न होऊन येताना मी हट्ट धरला की तोंड मागं करून बसेन, माहेर दिसत राहिलं पाहिजे. अठरा वर्षांची होते, स्वतःला फार नाजूक समजत होते. माहेर पहिल्या वळणावरच दिसेनासं झालं, आणि पुढची सगळी वाट मी उलटी बसून उलट्या केल्या. नवरी रडतेय असं वाटून सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, किती शोभून दिसतेय मी! त्या पोरीला आज कोणी माझ्यासमोर आणलं तर तिला आधी एक लिंबू देईन आणि मग एक चापट.

बाबूनं बैलबंडीचं बटण दाबलं. मी प्रवाशाचं तिकीट मागितलं तर म्हणाला, "तुमचं नाई लागत, आजी. तुमी बंडीत धरल्या गेल्या."

पाण्यावर

बोटीचा चालक कोकणातून आणला होता. सगळे त्याला तांडेल म्हणत. खारं पाणी पिऊन वाळलेला, काळाभोर, शांत माणूस. आमच्या लोकांना पाहीपर्यंत शांत.

पहिलं म्हणजे रुमाल. आमच्याकडे एसटी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा असतो. ती जागा मग आपली, यावर कोणी भांडत नाही. लोक धावत वर गेले आणि काचेच्या खोलीवर बाहेरून रुमाल फेकू लागले. त्या काचा उघडत नाहीत. रुमाल आपटून खाली, रुमाल आपटून खाली. एकानं टोपी फेकून पाहिली. दार पलीकडच्या बाजूला सताड उघडं होतं आणि आत खुर्च्या रिकाम्या होत्या.

दुसरं म्हणजे पुढची जागा. जीपमध्ये आमचा माणूस दारापाशी बसतो, म्हणजे पहिला उतरता येतं. आत चार जागा मोकळ्या असल्या तरी तो दारालाच लटकतो. तीच रीत बोटीवर. आमच्या गावच्या विठ्ठलरावांचा ट्रॅक्टर पार पुढच्या पुलाला टेकून उभा. त्याच्या शेजारी मी आणि बिजली, कारण मीही याच मातीतली. आमच्या मागं दोन जीप बंपरला बंपर लावून, मग मोटरसायकली एकमेकींच्या मांडीवर. आणि बोटीचा मागचा अर्धा भाग असा मोकळा, की तिथं ज्वारी वाळत घालावी.

"अवो, मागे घ्या! निम्म्या गाड्या मागे घ्या!" तांडेल वरून ओरडला. "बोट समतोल पाहिजे!"

"आमी पयले आलो, आमी मांगं काहून?" विठ्ठलराव म्हणाले.

"वजन पुढे पडतंय, काका."

"मंग मांगच्याहीले सांगा ना, मांगं राहा म्हनून."

"मागे कोणीच नाही!"

"तेच म्हनतो मी. त्याहीची चूक हाय."

तांडेलनं आकाशाकडे पाहिलं आणि इंजिन सुरू केलं.

पाण्यावरून आमचा काठ मागं सरकायला लागला. राजू हात हलवत होता, दोन बोटं वर करून. दोन दिवस. आमचं गाव पाण्यावरून पाहिलं तर इतकं देखणं दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. तुरीची शेतं, मग बाभळी, मग विहाराचा पांढरा कळस, मग पाण्याची टाकी. तिथं राहून कधी दिसलं नाही. पाणकावळे बोटीसमोरून उडाले. बिजलीनं कडबा खाणं थांबवलं आणि नाक वर केलं. चारी बाजूंना पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या डोळ्यात मला हिशेब दिसला, पण मी तो वाचला नाही.

एका पोरानं मला नारिंगी जाकीट आणून दिलं. इथं माझी दुसरी गंमत. लग्नानंतर मी नवऱ्याला सांगितलं होतं की मला पोहता येतं, आमच्या माहेरी नदी आहे. नदी होती. घोट्याएवढी. पण तो माणूस मरेपर्यंत चारचौघांत सांगत राहिला, "माही बायको मासोळीवानी पोह्यते." धरणात कोणी बुडायला लागलं की गावातले लोक दोर आणायच्या आधी मला बोलवायला येत. मी दर वेळी अंगात ताप असल्याचं सांगे. लोकांना वाटे, बिचारी पोहणारी बाई, पण तब्येतीनं किती नाजूक!

मी जाकीट घातलं. दोन घातली असती, पण जू आडवं येत होतं.

मधोमध

अर्ध्या वाटेवर पोचलो आणि बोट थांबली. धक्का नाही, आवाज नाही. मोठी बाई पाटावर बसावी तशी ती पाण्यात बसली.

खाली जुनी टेकडी होती. कॅनॉलला पाणी सोडल्यामुळे धरण थोडं उतरलं होतं. तांडेल म्हणाला, बोट सरळ असती तर सहज वरून गेली असती, पण सगळं वजन पुढे, नाक खाली, ते नाक टेकडीवर रुतलं.

"समुद्रात भरती येते, मग निघता येतं," तो म्हणाला. "इथे भरती कधी येते?"

"आखाडात," मी सांगितलं.

मागं इंजिन लावून पाहिलं. हललं नाही. उपाय एकच, गाड्या मागं घ्यायच्या. आणि नेमकं तेच कोणी करेना. जो मागं जाईल तो शेवटी उतरेल. जीपवाला म्हणे ट्रॅक्टर आधी मागं जाऊ दे. विठ्ठलराव म्हणाले, "बापजन्मात हा ट्रॅक्टर कोनाच्या मांगं उभा नाई राह्यला. अन् आता पान्यात राहीन?" बोट अडकली म्हणजे आपण कोणीच उतरत नाही, हा मुद्दा तांडेलनं तीन-चारदा मांडला. लोकांना तो पटला. पण त्यामुळे मागं जायचं का, हे पटलं नाही.

मग शिदोऱ्या सुटल्या. प्रवासात वाहन बंद पडलं की आमच्याकडे आधी जेवतात, मग चिडतात. काचेच्या खोलीत पंगत बसली. भाकर, ठेचा, कांदा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. कोणीतरी तांडेललाही शेंगा दिल्या. त्यानं त्या सालीसकट चावल्या, डोळे मिटले आणि गिळल्या.

"कशा हायेत?"

"काटे कमी आहेत," तो म्हणाला. मासे खाणारा माणूस. त्याला काटे नसलेलं सगळं सोपंच.

मी मात्र बिजलीपाशीच थांबले. ऊन कलत होतं. बिजलीची दूध काढायची वेळ होत आली होती. तिची कास भरली होती आणि ती पाय बदलत उभी होती. मी दूध तिथंच काढलं असतं, पण भांडी सगळी सुनंदाकडे. त्यात पलीकडच्या काठावरून एक बारीक आवाज आला. वगार हंबरली. बिजलीनं मान वळवली आणि अशी ओरडली, की जीपवाल्यानं दचकून हॉर्न दाबला.

मी तांडेलकडे गेले. "काहो, ह्या बोटीले दोन तोंडं हायेत ना?"

"आहेत."

"मंग सांगा याहीले, का बोट आता तिकडच्या तोंडानं लागते."

"खोटं कसं सांगू, आजी?"

"खोटं कुठी? खरंच लावा ना उलटी. तुमाले काय फरक पडते?"

त्यानं बोटीच्या दोन्ही तोंडांकडे एकदा पाहिलं. मग भोंगा घेतला. "लक्ष द्या! बोट आता मागच्या तोंडाने धक्क्याला लागेल. उतरायचं मागूनच."

पुढचं मी पाहिलं म्हणून सांगते, ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. पंगत उठली. हात न धुता माणसं गाड्यांकडे धावली. मोटरसायकली उलट्या, जीप उलट्या. विठ्ठलराव ट्रॅक्टरवर चढले, मागं वळून पाहिलं, तर त्यांच्यामागं सगळा बाजार! सर्वांत पुढचा माणूस क्षणात सर्वांत मागचा झाला होता. "थांबा बे! मी पयला आलो होतो!" ते ओरडत राहिले.

आता बंडी राहिली. म्हैस मागं चालत नाही, त्यामुळे बिजलीला सोडून बंडी हातानं ढकलावी लागणार होती. आणि तांडेलनं टेकडी किती खोल आहे ते पाहायला पुढचा लोखंडी पूल खाली टाकला होता. मी जू काढलं. जीपवाला बंडी ढकलायला आला. मी दोरी त्याच्या हातात द्यायला वळले, आणि हातात नुसतीच दोरी राहिली.

बिजली पुलावरून खाली उतरली. घाई नाही. टेकडीवर पाणी जेमतेम तिच्या गुडघ्याएवढं. धरणाच्या मधोमध, चारी बाजूंना पाणी, आणि माझी म्हैस पाण्यावर उभी.  एका म्हातारीनं हात जोडले.

"बिजले! ये माय! ये व!" मी हाका मारल्या.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, ओळख ठेवण्यापुरतं. मग एक पाऊल पुढे टाकलं आणि पाण्यात गेली. पाण्यावर फक्त शिंगं आणि नाकपुड्या. सुनंदाच्या पत्र्यांच्या दिशेनं.

"आजी, तुमाले तं पोह्यता येते ना!" विठ्ठलराव म्हणाले. नवऱ्यानं केलेली प्रसिद्धी त्याच्यामागंही जिवंत होती.

"ताप हाय," मी म्हटलं.

पण माझी नजर त्या शिंगांवरून हटत नव्हती. तिला काही झालं असतं तर सुनंदाचं दुकान गेलं, वगार पोरकी झाली, आणि मी? मी परत खुर्चीत. तेवढ्यात वजन मागं गेल्यामुळे बोटीचं नाक टेकडीवरून सुटलं. तांडेल म्हणाला, "आता निम्म्या गाड्या पुढे घ्या." कोणी हललं नाही. त्यानं परत सांगितलं नाही. बोट तशीच फिरवली आणि आम्ही नाक वर करून, बुड खाली दाबून, हळूहळू निघालो.

पलीकडचा काठ

आम्ही लागलो तेव्हा मांडवाखाली खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बँडवाले पाय पसरून भजी खात होते. मी पहिली उतरले. मी बंडीत धरलेली होते, पण बंडीची वाट पाहिली नाही.

सुनंदा दुकानाच्या मागून आली. "आई, म्हैस आली!" ती हसत होती की रडत होती, तिला स्वतःलाही कळत नव्हतं.

झालं ते असं. पाहुणे हार घेऊन धक्क्यावर उभे होते. बँडवाल्यांना सांगून ठेवलं होतं, की पाण्यातून काहीही काठाला लागलं की वाजवायला सुरुवात करा, चुकू नका. त्यांनी चुकवलं नाही. बिजली पाण्यातून वर आली तशी ढोल-ताशे-पिपाणी एकदम सुरू झाली. फोटोवाल्यानं फोटो काढला. पाहुणे हार पुढे धरून तसेच गोठले. बिजलीनं हार हुंगला. झेंडूचा होता. तिनं तो त्यांच्या हातातूनच खाल्ला, शांतपणे, दोऱ्यासकट. पहिल्या प्रवाशाचं स्वागत झालं म्हणून पाहुण्यांनी दोन शब्द बोलून घेतले आणि ते चहा मागू लागले.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, दूध कुठी होतं? म्हैस वगारीपाशी उभी होती. मी म्हटलं, मारली लात तं मारली. बसली खाली."

दुकानामागं बिजली उभी होती. अंगावरचा गाळ वाळत आलेला, वगार चिकटलेली. बाजूला बादली. काठोकाठ, वर फेस. सुनंदाच्या कोपरापर्यंत दुधाचे थेंब होते. लात नाही, शिंग नाही, शेपटीचा फटकारासुद्धा नाही. चार वर्षं ज्या म्हशीला माझ्याशिवाय जगात कोणी नव्हतं, ती रवंथ करत होती.

मी दगडावर बसले. सुनंदानं मला चहा आणून दिला.   आनंदच व्हायला पाहिजे होता. दुकान चालणार होतं. म्हैस हाताला लागली होती. दोन दिवसांतले दोन्ही दिवस शिल्लक होते आणि कामाचा एकही नव्हता.

सुनंदानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. तेवढ्यात फोन वाजला. राजू. तिनं आवाज मोठा करून फोन दगडावर ठेवला.

"पोचली का म्हैस? लोक कायच्या काय सांगून राह्यले."

"पोचली, दादा."

"दूध देते का तुले?"

सुनंदानं हात ओढणीला पुसले. "नाई ना रे, दादा. जवळ गेली का लात उगारते. आईच पायजे तिले. महिना तं लागनच. जास्तबी लागू शकते."

मी तिच्याकडे पाहिलं. ती बादलीवर झाकण ठेवत होती.

"आई, खरं हाय का?" राजूनं विचारलं.

"मंग! आता लात पोटरीवर बसली असती. लय ताठर जनावर हाय, बाप्पा. दोघीजणी धरून हाओत तिले."

मी चहाचा एक घोट घेतला. मग राजू म्हणाला, "दूध नाई म्हनता, अन् मंग हा फुरक्याचा आवाज कायचा येऊन राह्यला?"

"काळा चहा पिऊन राह्यली," मी म्हटलं, आणि ओठावरची साय पदरानं पुसली.